नागपूर जिल्ह्यातले टीबीचे पेशंट आणि मृत्यू: खरा आकडा कुठं मिळतो?

नंदनवनवाला

नमस्कार मंडळी, एक अडचण आहे, आरोग्य खात्यातलं कोणी किंवा जाणकार असेल तर सांगा. आमचं मंडळ निक्षय मित्र आहे, म्हणजे टीबीच्या काही पेशंटना दर महिन्याला डाळ, शेंगदाणे, तेल, गूळ असा किट देतो. येत्या २४ मार्चला टीबी दिनाला चौकात एक बोर्ड लावायचं ठरलं, की आपल्या जिल्ह्यात वर्षभरात किती पेशंट सापडले, किती बरे झाले, किती गेले. काम माझ्या गळ्यात पडलं कारण ग्रुपमध्ये एक्सेल येणारा मीच. वाटलं सरकारी साइटवरून आकडे उचलायचे अन् फ्लेक्सवाल्याला द्यायचे.

पण एका पेपरात "नागपुरात" म्हणून एक आकडा, दुसऱ्या पेपरात त्याच सुमारास जवळपास दुप्पट, आणि कुठल्याशा मीटिंगमधल्या स्लाइडचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरत आला त्यात तिसराच. आकडे इथं मुद्दाम टाकत नाही, मूळ कागद हातात नाही आणि उगाच चौथा आकडा फिरायला लागायचा. मृत्यूचं तर आणखीच अवघड. जूनमधल्या एका बातमीत हेडिंग "टीबीचे मृत्यू निम्म्यावर" आणि आत वाचलं तर मागचं पूर्ण वर्ष आणि यंदाचे पाच महिने शेजारी शेजारी ठेवलेले, आता याला काय म्हणावं.

आणि आमच्याच वस्तीतले एक काका, ज्यांना आम्ही किट देत होतो, ते वारले. त्यांच्या मुलानं दवाखान्यातला कागद दाखवला तर त्यावर टीबीचं नावच नाही, कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट असं काहीतरी. मग ते टीबीच्या मृत्यूत मोजले गेले की नाही? हे मोजतं कोण आणि कशावरून?

पिवळं_कार्ड

दादा, मी टीबीच्या सरकारी प्रोग्रॅममध्येच फिल्डवर आहे, त्यामुळे जास्त ओळख देत नाही. पण तुमचा गोंधळ बरोबर जागी आहे.

आधी बातमीतलं "नागपूर" कोणतं ते बघा. टीबीच्या कामासाठी नागपूर एक जिल्हा नाही, दोन आहेत. मनपाचं शहर वेगळं आणि नागपूर ग्रामीण वेगळं, दोघांचे अधिकारी वेगळे, रिपोर्ट वेगळे. वाडी, हिंगणा, कामठी, बेसा हे तुम्हाला शहरच वाटतं पण हिशोबात ग्रामीण. पेपरवाला कधी एकाचा आकडा घेतो, कधी दोन्हींची बेरीज. तुमचा "दुप्पट"चा घोळ निम्मा तरी इथंच सुटेल.

दुसरं, पेशंट कुठला धरायचा. मेडिकलला आणि मेयोला, म्हणजे नागपुरातल्या दोन मोठ्या सरकारी दवाखान्यांत, छिंदवाडा, सिवनी, बालाघाट, गोंदिया, गडचिरोली कुठून कुठून लोक येतात. निदान इथं झालं की नोंद इथं होते, मग औषधासाठी पेशंट त्याच्या गावच्या सेंटरला ट्रान्सफर होतो. निक्षय पोर्टलवर, म्हणजे टीबीच्या पेशंटची सरकारी ऑनलाइन नोंद असते तिथं, निदान कुठं झालं ते वेगळं दिसतं आणि सध्या औषध कुठं चालू आहे ते वेगळं. एकाच महिन्याचे दोन रिपोर्ट काढले तर दोन आकडे येतील आणि दोन्ही खरे.

आता मृत्यू. आमच्याकडे प्रत्येक पेशंटचा शेवटी एक आउटकम टाकावा लागतो: क्युअर्ड, ट्रीटमेंट कम्प्लीटेड, फेल्युअर, लॉस्ट टू फॉलोअप, डाइड वगैरे. डाइड म्हणजे उपचार चालू असताना माणूस गेला, कारण कोणतंही असो. वर्धा रोडवर ट्रकनं उडवलं तरी डाइड. तेव्हा तुमचे काका कोर्स चालू असताना गेले असतील तर दवाखान्याच्या कागदावर काहीही लिहिलेलं असो, आमच्या यादीत ते आहेत. उलट एखाद्याचा कोर्स पूर्ण झाला, क्युअर्ड टाकलं, आणि फुप्फुसं आधीच पोखरली गेली होती म्हणून पुढच्या उन्हाळ्यात दम लागून गेला, तर तो आमच्या रेकॉर्डला बरा झालेला पेशंटच राहतो. आणि ज्याचं निदानच झालं नाही तो तर कुठेच नाही.

तिसरी भानगड वर्षाची. समजा निदान नोव्हेंबर २०२४ ला झालं आणि माणूस फेब्रुवारी २०२५ मध्ये गेला, तर आमच्याकडे तो २०२४ च्या पेशंटमधला मृत्यू. जन्म-मृत्यू नोंदणीत तो २०२५ चा. साध्या टीबीचं औषधच सहा महिने चालतं, त्यामुळे एखाद्या वर्षाच्या सगळ्या पेशंटचं काय झालं हे कळायला पुढचं वर्ष बरंचसं उलटावं लागतं. म्हणून जूनमध्ये "निम्म्यावर" छापणाऱ्याला हात जोडावेत, निम्म्या लोकांचा निकालच लागलेला नसतो.

आणि हे आउटकम आपोआप येत नाही हो. फोन लागत नाही म्हणून घरी जावं तर सून आतून पिशवी आणते, उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या नीट रबर लावून ठेवलेल्या असतात, आणि सांगते बाबा गेले. कधी गेले विचारलं तर म्हणते तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. मग मी मोबाईलवर पंचांग काढून तारीख शोधते आणि पोर्टलवर टाकते. हे तरी बरं, पत्ता असतो. मिहानकडच्या बांधकामावरचा नाहीतर वीटभट्टीवरचा मजूर असला, खोली सोडून गावी गेला, नंबर बंद, तर एक महिना औषध तुटलं की तो लॉस्ट टू फॉलोअप. त्यातले किती जिवंत आहेत देव जाणे. मला स्वतःला विचाराल तर मृत्यूचा आकडा एकटा कधीच वाचू नये, शेजारी लॉस्टचा रकाना ठेवूनच वाचावा. एखाद्या युनिटला मृत्यू कमी आणि लॉस्ट भरपूर असेल तर मला तरी त्याचं कौतुक वाटत नाही.

गणित_पक्कं

काहून एवढं डोकं खपवून राहिले भाऊ. डब्ल्यूएचओचा भारताचा अंदाज आहे ना, २०२४ साठी लाखामागे २१ मृत्यू आणि १८७ नवे पेशंट. आपल्या जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या ४६.५ लाख. गुणा अन् टाका बोर्डावर, साडेनऊशेच्या वर मृत्यू आणि साडेआठ हजारांच्या वर पेशंट. झालं काम.

आकडेमोड_चालू

असं करू नका प्लीज. तो दर सगळ्या देशाचा आहे, मॉडेलमधून काढलेला, तो नागपूरला लावायचा म्हणजे देशाच्या सरासरी पावसावरून उमरेडच्या शेतकऱ्याला पेरणी सांगणं झालं. दुसरं, लोकसंख्या २०११ ची आणि दर २०२४ चा, मधल्या काळात हिंगणा, बेसा, वाडी किती फुगलं ते सगळ्यांना माहीत आहे. तिसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, तो २१ चा आकडा एचआयव्ही नसलेल्यांचा आहे. एचआयव्ही असलेला माणूस टीबीनं गेला तर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याचं मूळ कारण एचआयव्ही धरतात. पण वर ताईंनी सांगितलं त्या यादीत तो डाइडमध्ये असणारच. म्हणजे दोन्ही आकडे "टीबीचे मृत्यू" या एकाच नावाखाली फिरतात आणि मोजतात मात्र वेगवेगळी माणसं.

बोर्डावर देशाचं काही लिहायचंच असेल तर कल लिहा. २०१५ ला लाखामागे २३७ नवे पेशंट होते ते २०२४ ला १८७ वर आले, मृत्यू २८ वरून २१ वर. उतार आहे, पण २०२५ पर्यंत टीबी संपवायचं जे ठरलं होतं त्याच्या कितीतरी मागे आहोत, हेही त्याच फ्लेक्सवर बसवा.

अजून एक, पेशंटचा आकडा वाढला की लगेच "टीबीचा विळखा" अशी बातमी येते. नोंदणी म्हणजे सापडलेले पेशंट, असलेले नव्हे. २०१९ ला देशात २४ लाखांवर नोंदणी होती, २०२० ला ती १८ लाखांवर आली. टीबी पळाला होता का? लॉकडाऊन होता, तपासणीच थांबली. आणि २०१९ ते २१ मध्ये जो राष्ट्रीय सर्व्हे झाला त्यात लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेलेले नव्हते. शिवाय सर्व्हेत सापडलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त फक्त एक्स-रेमुळे सापडले, नुसती लक्षणं विचारली असती तर सुटले असते. त्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या १०० दिवसांच्या मोहिमेसारखं काही झालं, गाडीतून एक्स-रे मशीन गावोगाव फिरलं, की आकडा वर जाणारच आणि जायलाच पाहिजे.

कामठीवाले_भाऊ

हे तपासणीचं खरं हाय. आमच्या नातेवाइकाच्या गावाले टीबीमुक्त ग्रामपंचायत करायचं चाललं होतं. त्याचे निकष मले माहीत हाय कारण मीच कागदं टाइप करून देल्ले. हजार लोकसंख्येमागं वर्षाले निदान ३० संशयितांची तपासणी झाली पाहिजे, अन् पेशंट हजारामागं एक किंवा त्याहून कमी. आता दुसरी अट सोपी हाय ना, पहिली नाही केली का दुसरी आपोआप जमते! म्हणूनच दोन्ही सोबत ठेवल्या असतील. पण तिथं काय झालं, ज्याले खोकला हाय तो शेतावर, अन् जो कट्ट्यावर बसून हाय त्याची थुंकी डबीत. तपासणी तीस झाली, कागद पक्का. एक म्हातारा महिनाभर खोकलून राहिला होता त्याले कोणी विचारलंच नाही, अन् त्यालेही वाटे का बिडीचा खोकला हाय.

तुमच्या बोर्डावर किती सापडले त्याच्या बाजूले किती जणाइची तपासणी केली ते टाका. नाहीतर शून्य पेशंटवालं गाव पहिल्या नंबरवर येईन.

रातपाळी

छातीविकार विभागात रेसिडेंट होतो, आता खाजगीत आहे. नंदनवनवाला यांच्या काकांच्या कागदाबद्दल लिहितो, कारण ते मी स्वतः शेकडो वेळा भरलेलं आहे.

नगरपालिकेतून मिळतं त्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसतंच. कारण असतं ते डॉक्टरनं भरलेल्या फॉर्म ४ वर, घरी मृत्यू झाला असेल तर ४ए. त्यात पहिल्या भागात ए, बी, सी अशा ओळी असतात. वरच्या ओळीत शेवटी काय झालं, खाली खाली त्यामागचं कारण, आणि सगळ्यात खालच्या ओळीत मूळ आजार. टीबी असायला पाहिजे तिथं. पण रात्री अडीचला वॉर्डात दोन इमर्जन्सी चालू असताना वरच्या ओळीत कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट लिहायचं आणि सही ठोकायची, हे सगळीकडे चालतं. हृदय बंद पडलं हे कारण नव्हे हो, ते प्रत्येक मेलेल्या माणसाचं बंद पडतं. कधी कधी नातेवाईकच हळूच सांगतात, डॉक्टरसाहेब टीबी नका लिहू, घरात मुलीचं लग्न आहे. आणि पुष्कळ लोक घरीच जातात, तिथं कोण डॉक्टर येऊन ए-बी-सी भरतो. त्यामुळे मनपाच्या दहा झोनमधली मृत्यूची रजिस्टरं चाळून टीबीचे मृत्यू मोजायला जाल तर फसाल. त्यापेक्षा प्रोग्रॅमची यादी बरी, तिच्यात ट्रकखाली आलेला एखादा जास्तीचा येतो पण उपचारावर असलेला टीबीचा पेशंट सहसा सुटत नाही.

पण मला खरं वेगळंच सांगायचं आहे. बोर्डासाठी "किती गेले" शोधून राहिलात, त्यापेक्षा निदान झाल्यावर किती दिवसांनी गेले हे विचारा. टीबीच्या उपचारातले बरेचसे मृत्यू पहिल्या दोन महिन्यांतच होतात. औषध लागू पडलं नाही म्हणून नव्हे, पेशंट आलाच तेव्हा उशीर झालेला असतो. आमच्याकडे यायचे ते असे: उंची साडेपाच फूट, वजन ३५ किलो, पायावर सूज, मुलगा आणि जावई दोन्ही काखेत धरून आणतात, बोटाला ऑक्सिमीटर लावलं तर ८८. त्याला थुंकीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून गोळ्यांचं पाकीट देऊन घरी पाठवलं तर तो पंधरा दिवसही काढत नाही. आणि रेकॉर्डवर काय दिसतं, तर उपचार सुरू केला, पेशंट दगावला.

तामिळनाडूनं २०२२ पासून यावर एक चांगली गोष्ट राज्यभर केली. निदान झालं की लगेच सेंटरवरच उंची-वजन घ्यायचं, पायावर सूज बघायची, श्वास मोजायचे, ऑक्सिजन बघायचा, माणूस आधाराशिवाय उभा राहतो का बघायचं. यात गंभीर निघाला की गोळ्या देऊन घरी नाही, सरळ भरती. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) १४ किंवा खाली, श्वास मिनिटाला २४ च्या वर, ऑक्सिजन ९४ च्या खाली, यातलं काहीही असलं तरी. यासाठी वजनकाटा, टेप आणि ऑक्सिमीटर लागतो, बस. कोरोनानंतर ऑक्सिमीटर कुठं नाही? आपल्या जिल्ह्यात किती नव्या पेशंटचं हे पहिल्याच दिवशी बघितलं गेलं आणि त्यातले किती भरती केले, हा आकडा मिळाला तर बोर्डावर तोच लावा. बाकीचे आकडे वाचून लोक हळहळतात आणि समोरच्या टपरीवर तर्री-पोहे खायला जातात.

नंदनवनवाला

बापरे, एवढं असेल वाटलं नव्हतं. रातपाळी सर, किट वाटताना आम्ही दर महिन्याला पेशंटचं वजन लिहून ठेवतो, ते कोणी मागितलेलं नाही, आमच्यातल्या एका काकूंनी सुरू केलं. त्याचा काही उपयोग आहे का? आणि वस्तीवार, गाववार मृत्यू टाकायचा विचार होता, म्हणजे लोकांना जवळचं वाटेल.

आणि हे सगळे आकडे तारखेच्या हिशोबानं, लॉस्टसकट, शहर-ग्रामीण वेगळे करून मागायचे कुणाकडे? ऑफिसला गेलो होतो तर म्हणाले साहेब मीटिंगला गेले.

रातपाळी

वजन नक्की लिहा. पहिल्या दोन महिन्यांत वजन वाढत नसेल किंवा उतरत असेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी त्यांच्या टीबी सुपरवायझरला फोन. शुगर तपासली का तेही विचारा, डायबिटीस असलेला पेशंट आपल्याकडे खूप सापडतो आणि त्याचं लक्षात यायला उशीर होतो. आणि पोषणाचे पैसे खात्यात येतात का ते बघा, निक्षय पोषण योजनेचे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० झाले, पूर्वी ५०० होते. बँक खातं आधारला जोडलेलं नाही म्हणून अडकलेले कितीतरी असतात.

पिवळं_कार्ड

दादा, वस्तीवार बिलकुल नको. ज्या गल्लीत दोनच पेशंट आहेत तिथं "मृत्यू १" लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच आहे. एका ठिकाणी किट वाटपाचे फोटो नावासकट फेसबुकवर टाकले होते, त्यातल्या एका मुलीनं कामावर जाणं सोडलं, मालकीणबाईनं फोटो बघितला होता. तिचं औषध मध्येच तुटू नये म्हणून आम्हाला किती खेटे घालावे लागले. टीयू, म्हणजे साधारण दीड ते अडीच लाख लोकसंख्येचं युनिट, त्याच्या खाली आकडा नेऊच नका. तालुका पुरे झाला.

अर्जबाज

मागायचं कसं ते मी सांगतो, माहिती अधिकारात माझे बरेच केस पांढरे झाले आहेत.

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, नाहीतर तेवढ्यावरूनच परत येतो. म्हणून शहर आणि ग्रामीण दोन वेगळे अर्ज करा, एक मनपाच्या आरोग्य विभागातल्या जन माहिती अधिकाऱ्याला, एक जिल्हा क्षयरोग अधिकारी कार्यालयाच्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा ऑनलाइन करा. "टीबीमुळे किती मृत्यू झाले" असं लिहाल तर उत्तर येईल "अशी माहिती संकलित नाही", आणि ते कायद्यानं बरोबरही असेल, कारण नसलेलं संकलन करून द्यायला ते बांधील नाहीत. वर ताईंनी सांगितलं त्याच भाषेत मागा: १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२४ मध्ये नोंद झालेल्या क्षयरुग्णांची उपचार निष्पत्ती (म्हणजे तेच आउटकम), टीयूनिहाय, सरकारी व खाजगी वेगळी, साधा व औषध-प्रतिरोधी वेगळा, निक्षय प्रणालीत उपलब्ध आहे त्या स्वरूपात. सोबत त्याच काळातली संशयितांच्या तपासणीची संख्या. "२०२५" चं मृत्यूचं आत्ता मागू नका, निकाल अर्धवट असतील. नावं, पत्ते चुकूनही मागू नका, खाजगी माहितीचं कलम ८(१)(जे) दाखवून सगळाच अर्ज बाजूला ठेवतील आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

रातपाळींचा पहिल्या दोन महिन्यांचा मुद्दा वेगळ्या अर्जात टाका, कारण तो वेगळा विषय म्हणून अडवतील. उपचार सुरू झाल्यापासून ६० दिवसांच्या आत किती मृत्यू एवढंच. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील, त्याला वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.

कामठीवाले_भाऊ

खाजगीचं वेगळं मागायला सांगितलं ते बरं केलं. २०१२ पासून खाजगी डॉक्टरनं टीबीचा पेशंट कळवणं बंधनकारक हाय, अन् २०१८ पासून नाही कळवलं तर कारवाईची तरतूद हाय, औषध दुकानवाल्यानंही कळवायचं हाय. कळवल्याचे ५०० अन् निकाल कळवल्याचे ५०० भेटतात त्याइले. पण पेशंटनं डॉक्टर बदलला का दुसऱ्या हप्त्याचं कोण पाहते.

नंदनवनवाला

ठीक आहे, शहराचे दोन अर्ज मी सोमवारी टाकतो. २४ मार्चच्या आत उत्तर येईल असं दिसत नाही, त्यामुळे बोर्डावर यंदा मृत्यूचा आकडा नसेल. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, तपासणी फुकट, आणि निक्षयची हेल्पलाइन १८००-११-६६६६, एवढंच छापतो. आणि मंडळाच्या पैशातून दोन ऑक्सिमीटर घ्यायचं काल मीटिंगमध्ये मंजूर करून घेतलं, किटसोबत वजनाच्या वहीत एक रकाना वाढवतो. ग्रामीणचा अर्ज कोणी टाकेल का? कामठीवाले भाऊ, तुम्ही?

कामठीवाले_भाऊ

टाकतो ना. मजकूर पाठवा फक्त, १५० शब्दाइत मले लिहिणं जमत नाही.